रेमेतबायच्या मांडवातला मानाचा पेला

तुमच्या पणजोबांच्या मिशा अजून काळ्याभोर होत्या, तेव्हाची ही गोष्ट. समुद्राकाठी, नारळी-केळीच्या वाड्यांत दडलेलं एक ख्रिस्ती गाव होतं. गावात एक देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च हो, देवळाला एक मोठी घंटा, आणि देवळामागच्या आळीत राहायची रेमेत. सगळं गाव तिला रेमेतबाय म्हणायचं.

रूपाचा तोरा मिरवावा असं तिचं रूप नव्हतं. श्रीमंतीचा मिरवावा, तर घरी दोन गाई आणि केळीची एक वाडी. पण पार्टी द्यावी ती रेमेतबायनेच. हे ती स्वतः सांगायची आणि गावही सांगायचं, म्हणून ती बढाई ठरत नसे.

नाताळ असो, कुणाचं लग्न ठरलेलं असो, तिच्या अंगणात मांडव पडला की लोक सकाळपासून उपाशी राहायचे. तिच्या हातचे फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे हो, असे टम्म फुगायचे की मुलं आधी त्यांच्याशी खेळायची आणि मग खायची. शिवाय रेमेतबायचे काही कायदे होते. जेवणाआधीची प्रार्थना मनापासून करायची, पण आटोपशीर. थंडगार भाताबद्दल देवाचे आभार मानताना जीभ अडखळते, असं ती फादरांनासुद्धा सांगायची. कुणी एकटं कोपऱ्यात बसलेलं दिसलं, तर त्याला काहीतरी काम सांगायचं, कारण हाताला काम मिळालं की माणसाला परकं वाटत नाही. आणि कुणाची थट्टा करायची असेल, तर सुरुवात स्वतःपासून करायची.

"माझ्या मांडवातून हसल्याशिवाय कुणी घरी गेलेलं नाही," असं ती म्हणायची. आणि खरंच कुणी गेलेलं नव्हतं.

आता त्या गावात एक रीत होती. बाळाचा बाप्तिस्मा झाला की घरी मोठी पार्टी. पार्टीत पहिला मान बाळाच्या धर्मबापाचा. धर्मबाप म्हणजे देवळात बाळाला हातावर घेऊन, 'याला देवाच्या वाटेवर चालवीन' असा शब्द देणारा माणूस. तर मांडवाच्या मधोमध या धर्मबापाच्या हातात दारूने भरलेला एक पितळी पेला द्यायचा. तो मानाचा पेला. त्याने घोट घेतला की पेला पुढे फिरायचा, हातोहाती, आणि मग पार्टी सुरू. धर्मबापाने घोट घेतल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची नाही हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. रीतींचं असंच असतं.

रेमेतबायला एक धाकटा भाऊ होता, इनास. इनास घुमट वाजवायचा. घुमट म्हणजे मातीच्या घागरीच्या तोंडाला कातडं चढवलेलं वाद्य. इनासची थाप त्यावर पडली की गुडघेदुखीने कण्हणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून उभ्या राहायच्या. इनासशिवाय गावात पार्टी नाही, आणि पार्टीत पेल्याशिवाय इनास नाही, असं होतं. एका हाताने घुमट, दुसऱ्या हाताशी पेला. लोक कौतुकाने भरत गेले आणि तो पीत गेला. पुढे पार्टी नसली तरी पेला लागू लागला. मग वाडी गेली, तब्येत गेली, आणि एके दिवशी त्याची बायको कोतरीन मुलांना घेऊन माहेरी गेली.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात इनास देवळात जाऊन गुडघ्यांवर बसला. काय बोलला ते देवाला माहीत. बाहेर आला तो दारू सोडूनच. पहिले काही महिने त्याचे कसे गेले ते विचारू नका. हात कापायचे, घाम फुटायचा, पण गडी हलला नाही. कोतरीन मुलांना घेऊन परत आली. घरात दोन वेळची चूल पेटू लागली.

फक्त घुमट तेवढं खुंटीला टांगलेलं राहिलं. इनास कुठल्याही पार्टीला जाईनासा झाला. जाणार तरी कसा? मांडवात पाय ठेवला की दहा हात पेला पुढे करणार. "एका घोटाने काय होतंय," असं म्हणणारा माणूस प्रत्येक गावात असतो, आणि या गावात तर त्यांचीच वस्ती जास्त होती.

अशात रेमेतबायला नातू झाला. पहिला नातू. घरात आनंदीआनंद. आणि गावाची दुसरी रीत अशी, की पहिल्या मुलाचा धर्मबाप म्हणजे त्याच्या बापाचा मामा. म्हणजे इनासच.

इनास संध्याकाळी बहिणीकडे आला. पाळण्यातल्या बाळाच्या मुठीत आपलं बोट देऊन उभा राहिला. मग म्हणाला, "बाय, धर्मबाप दुसऱ्या कुणाला तरी कर."

"का रे? माझा नातू तुला नकोसा झाला?"

"नातू हवा आहे. पेला नको आहे. देवळात मी त्याच्यासाठी शब्द देणार, आणि तासाभरात मांडवात स्वतःचा शब्द मोडणार. एक घोट गेला की मी गेलो, बाय. माझं मला माहीत आहे."

रेमेतबाय हसली. तिने आधीच सगळा विचार करून ठेवला होता, आणि स्वतःच्या हुशारीवर ती खूश होती. "अरे वेड्या, मी कोकम सरबत करते. त्या पितळी पेल्यात आत काय आहे हे कुणाला कळणार आहे? तू घोट घे, वा वा कर, तोंड पूस. पुढच्या माणसाला पेला देताना मी तो बदलून टाकीन. रीतही राहिली, तूही राहिलास. झाकली मूठ सव्वा लाखाची."

इनासला मात्र हसू आलं नाही.

"माझी मूठ कितीतरी वर्षं झाकलेलीच होती," तो म्हणाला. "चहाच्या कपात दारू, औषधाच्या बाटलीत दारू, पाण्याच्या तांब्यात दारू. कोतरीनला वाटायचं मी पाणी पितोय. पेल्यात एक आणि तोंडावर दुसरं, हेच मी सोडलंय, बाय. आता पुन्हा लपवायला लावू नकोस. आज सरबत लपवीन, उद्या दुसरं काही लपवीन. ती वाट माझ्या पायाखालची आहे."

एवढं बोलून तो गेला.

आता खरी पंचाईत झाली. उघडपणे सरबत ठेवावं, तर गाव नावं ठेवणार. कोरडी पार्टी म्हणून वर्षभर हसणार. आयुष्यभर कमावलेलं नाव एका दुपारी धुळीला मिळणार. आणि इनासला बाजूला सारावं, तर तो पुन्हा कधीच मांडवात येणार नाही. दारू सोडली म्हणून गावाने टाकलं, बहिणीनेही टाकलं, असं त्याच्या मनात घर करणार. आणि अशी एकटी पडलेली माणसं शेवटी कुठे जाऊन बसतात, हे रेमेतबायला चांगलं माहीत होतं.

ती नारळ खवायला बसली. तिला विचार करायचा असला की ती नारळ खवायची. खवता खवता तिला एकच प्रश्न पडत राहिला. 'माझ्या मांडवातून हसल्याशिवाय कुणी घरी गेलेलं नाही,' असं मी उठताबसता म्हणते. मग ज्याला मांडवात यायचीच भीती वाटते, त्याचं काय? तो हसला नाही, हे मी कधी मोजलंच नाही.

किती नारळ खवून झाले ते सुनेलाच ठाऊक. बिचारीला दोन दिवस सगळ्यात खोबरं घालावं लागलं. इनासला मात्र निरोप गेला, 'धर्मबाप तूच. पेल्यात काही लपवायचं नाही.'

बाप्तिस्म्याचा दिवस उजाडला. देवळात इनासने बाळाला हातावर घेतलं. फादरांनी बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं, बाळाने देऊळ डोक्यावर घेतलं, आणि इनासने शब्द दिला. घंटा वाजली. मंडळी रेमेतबायच्या मांडवाकडे निघाली.

मांडवात झेंडूच्या माळा, केळीचे खांब, मटणाचा घमघमाट. आणि मधोमध, जिथे दरवेळी दारूचं पिंप असायचं, तिथे घासूनपुसून लख्ख केलेला तांब्याचा हंडा. शेजारी तो मानाचा पितळी पेला.

रेमेतबायचे मोठे दीर, पास्कू भाऊजी, पुढे झाले. गावातल्या सगळ्या रीतींची राखण आपल्याकडेच आहे असं त्यांना वाटायचं. त्यांनी हंड्यात डोकावून पाहिलं, वास घेतला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय, रेमेत?"

"कोकम सरबत, भाऊजी." रेमेतबायचा आवाज खणखणीत निघाला. "सगळ्यांनी ऐका. आज माझ्या नातवाच्या मानाच्या पेल्यात सरबत आहे. धर्मबापाला दारू चालत नाही, म्हणून आज या मांडवात ती कुणालाच नाही. लपवाछपवी नाही. जेवण नेहमीसारखं, नाच नेहमीसारखा, फुगे नेहमीपेक्षा जास्त."

मांडवात कुजबुज सुरू झाली. इनास मान खाली घालून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

पास्कू भाऊजी म्हणाले, "वाडवडिलांची रीत एका माणसासाठी मोडायची? आणि आपल्या प्रभूने तर काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला होता. ते काय चुकलं होतं म्हणायचं?"

आता हा मुद्दा काढल्यावर गावातल्या बायका सहसा गप्प बसत. पण रेमेतबाय नारळ खवून आली होती.

"प्रभूचं नाही चुकलं, भाऊजी. त्या लग्नात द्राक्षारस संपला आणि गरीब यजमानाची मान खाली जाणार होती. ती जाऊ नये म्हणून त्याने ते केलं. तो पेल्यासाठी नाही, माणसासाठी धावला. आज माझ्या मांडवात माझ्या भावाची मान खाली गेली आहे. मी कुणाची लाज राखू? त्याची, की या पितळेच्या भांड्याची?"

फादरांनी चष्मा काढून पुसला. एरवी ते असं फक्त स्वतःचं प्रवचन जमून आलं की करत.

पण बोलण्याने लगेच माणसं बदलली असती, तर फादरांना दर रविवारी प्रवचन द्यावं लागलं नसतं. पास्कू भाऊजींनी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि ते मांडवाबाहेर गेले. त्यांच्या मागे आणखी काही पुरुष गेले. अंगणाबाहेरच्या चिंचेखाली त्यांनी बैठक मांडली. घरी मात्र कुणी गेलं नाही. मटणाचा वास चिंचेपर्यंत येत होता.

मांडव अर्धा रिकामा झाला. रेमेतबायला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मांडवात रडू आलं. तिने ते पदराने टिपलं, पेला हंड्यात बुडवून भरला आणि इनासच्या हातात दिला.

"घे. आज यात जे दिसतंय तेच आहे."

इनासने बहिणीकडे पाहिलं. मग पेला उचलून घटाघटा प्यायला. सगळ्यांसमोर, उघड्यावर. कोतरीनने त्याच्या हातातून पेला घेतला, घोट घेतला आणि पुढे दिला. पेला हातोहाती फिरला. फादरांनी प्रार्थना केली, अगदी रेमेतबायला हवी तशी आटोपशीर, आणि पानं वाढली गेली.

पण पार्टीला रंग येईना. लोक जेवत होते आणि अधूनमधून चिंचेकडे बघत होते. खाली मान घालून जेवणं ही काही पार्टी नव्हे.

तेवढ्यात इनास उठला आणि कोतरीनला म्हणाला, "घरून घुमट आण."

कोतरीन पळतच गेली. घुमट आलं, पण कातडं सैल पडलेलं. इतके दिवस वाजलं नव्हतं ना. इनासने ते चुलीतल्या निखाऱ्यांवर धरून शेकलं, बोटाने टिचकी मारून पाहिलं, पुन्हा शेकलं. मग मांडवाच्या मधोमध बसला.

तो बहिणीला हळूच म्हणाला, "पेल्याशिवाय मी कधी वाजवलेलंच नाही, बाय. जमेल की नाही देव जाणे."

"नाही जमलं तर मी गाते. माझ्या आवाजापुढे तुझं वाजवणं कुणाच्या लक्षात राहणार नाही," रेमेतबाय म्हणाली.

पहिली थाप पडली ती चुकली. दुसरी अडखळली. एक पोर फिदीफिदी हसलं. चिंचेखालून कुणीतरी म्हणालं, "बघा, कोरडं घुमट कोरडंच वाजणार." इनासच्या कपाळावर घाम आला.

रेमेतबायने पदर खोचला आणि पाळण्याचं एक जुनं गाणं सुरू केलं. आवाज इतका भसाडा, की बाळ जागं झालं. मांडवात हशा पिकला. ती स्वतःही हसली, पण गाणं सोडलं नाही. आणि त्या हशाच्या खालून इनासचा हात हळूहळू सावरला. थाप ठेक्यात आली. मग जोरात आली. मग अशी घुमली, की रेमेतबायला गाता गाता भरून आलं. हा तिच्या भावाचा हात होता. दारूचा नव्हता. इतकी वर्षं सगळ्यांना, इनासलाही, उलटंच वाटत आलं होतं.

म्हाताऱ्या उठल्या. मुलं उठली. सून बाळाला खांद्यावर घेऊन नाचली. फादरांनी एक गिरकी घेतली आणि कुणी पाहिलं का ते चोरून बघितलं. सगळ्यांनी पाहिलं होतं.

चिंचेखाली पाय थांबेनात. एकेक जण 'पाणी प्यायला' म्हणून आत येऊ लागला, आणि आलेला परत जाईना. शेवटी चिंचेखाली पास्कू भाऊजी आणि त्यांचा टॉवेल एवढेच उरले. मग तेही आले.

"मटणात मीठ बरोबर आहे का ते बघायला आलोय," ते म्हणाले.

"बघा ना," म्हणत रेमेतबायने पितळी पेला त्यांच्यापुढे धरला. "आधी मानाचं घ्या."

त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "आंबट आहे." आणि दुसरा घोट घेतला. तिसराही घेतला. मग टॉवेल कमरेला बांधून असे नाचले, की त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला.

दिवस मावळायच्या सुमारास मंडळी घरी निघाली. त्या दिवशी कुणाचं भांडण झालं नव्हतं. कुणी कुणाला खांद्यावर टाकून नेलं नव्हतं. एक शेजारीण निघताना रेमेतबायजवळ थांबली. तिचा नवरा मुलीला कडेवर घेऊन पुढे चालला होता, आणि मुलगी त्याच्या कानात काहीतरी सांगत होती.

शेजारीण म्हणाली, "दरवेळी पार्टीहून परत जाताना माझी मुलगी माझा पदर सोडत नाही. घाबरते ती बापाला. आज स्वतःहून त्याच्याकडे गेली. देव तुझं बरं करो, रेमेत." आणि डोळे पुसत ती नवऱ्यामागे गेली.

रेमेतबाय अंगणात उभी राहिली. पाय दुखत होते, गळा बसला होता, आणि छाती अभिमानाने भरून आली होती. आयुष्यात तिने कितीतरी पार्ट्या दिल्या, पण इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता. आणि का वाटू नये? अभिमान वाटावा असंच तिने केलं होतं.

त्यानंतर गावात नवी रीत पडली. यजमान आधी धर्मबापाला विचारतो, "तुमच्या पेल्यात काय घालू?" आणि तो जे सांगेल तेच साऱ्या मांडवात फिरतं. कुणी सरबत सांगतो, कुणी शहाळ्याचं पाणी, एका पठ्ठ्याने तर पेज सांगितली होती. ही रीत कुणी घातली असं विचारलं, की पास्कू भाऊजी छाती पुढे काढून सांगायचे, "आमच्या घराण्याची आहे. जुनी आहे." रेमेतबाय ऐकून घ्यायची. तेवढा मान भाऊजींनाही असू दे, असं तिला वाटायचं.

तिचा नातू मोठा झाला. धर्मबापाकडूनच तो घुमट शिकला. आणि मांडवात वाजवायला बसण्याआधी, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून, तो न चुकता सगळ्यांना सांगायचा, "यात पाणी आहे. हवं तर पिऊन बघा."

तात्पर्य: ज्या मेजवानीत सगळ्यांत दुबळा पाहुणाही निर्धास्तपणे बसून हसू शकतो, ती देवाला आवडते आणि माणसांनाही. म्हणून पार्टी देणाऱ्याने आधी माणसाचा मान राखावा, पेल्याचा मान मग आपोआप राहतो.